संशोधनाचा खर्च सरकारने का करावा?

प्रश्न : संशोधनाचा नफा कंपन्यांना मिळतो, मग करदात्यांचा पैसा कशाला?

उत्तर : मूलभूत संशोधनातले ज्ञान एकदा प्रसिद्ध झाले की ते प्रतिस्पर्ध्यांनाही फुकट मिळते, त्यामुळे समाजाला हवी तेवढी गुंतवणूक बाजार स्वतःहून करत नाही, हे अर्थतज्ज्ञ रिचर्ड नेल्सन यांनी १९५९ मध्ये आणि केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये मांडले. पेटंटचा उपाय अपुराच, कारण निसर्गनियमाचे पेटंट घेता येत नाही. भारताचा संशोधनखर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या जेमतेम ०.६४ टक्के होता. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन या संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थेच्या पाच वर्षांच्या ५०,००० कोटी रुपयांपैकी ३६,००० कोटी बिगरसरकारी स्रोतांकडून गृहीत धरले गेले. आजवर हात आखडता घेणाऱ्या उद्योगांकडून एवढी अपेक्षा मला धाडसाची वाटते.