४ बाय २ च्या टेबलावर एचओ की एन?

प्रश्न: मुलगी नऊ वर्षांची आहे, दोघांना मिळून मॉडेल ट्रेन सुरू करायचीय. टेबल ४ बाय २ फुटांचं आहे. कुठला स्केल घेऊ?

उत्तर: आधी टेप घेऊन बसा, कारण सगळं वळणावर अडतं. एचओ म्हणजे १:८७ (खऱ्या गाडीच्या सत्याऐंशीव्या भागाएवढं), बऱ्याच सेटमध्ये वळणाची त्रिज्या १८ इंच असते, म्हणजे गोल पूर्ण करायला ३ फुटांच्या वर रुंदी लागणार, तुमच्याकडे ते बसणारच नाही. एन म्हणजे १:१६०, दोन रुळांमधलं अंतर फक्त ९ मिमी, पावणेदहा इंच त्रिज्येचं वळण २ फुटांत मावतं. आपल्या रेल्वेचा निळा आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याच्या जुन्या धाटणीचा) डबा एचओत साडेचोवीस सेंटीमीटर होतो, एनमध्ये जेमतेम १३, तो लहान हातांनी रुळावर चढवणं किचकटच, आणि जराशी धूळ बसली तरी इंजिन अडखळतं. शिवाय भारतीय मॉडेल्स बहुतेक एचओतच मिळतात. ती हवी असतील तर मी म्हणेन टेबल सोडा, ६ बाय ४ चं प्लायवुड घ्या, खेळून झालं की भिंतीला उभं करायचं. ब्रिटिश ओओ स्केल १:७६ चं, रुळांमधलं अंतर एचओइतकंच, १६.५ मिमी, त्यामुळे त्याच रुळांवर चालतं, पण एचओशेजारी डबे मोठे दिसतात. पुण्याला जाणं होत असेल तर खरेदीआधी कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम मुलीला नक्की दाखवा.