अ‍ॅमेझॉनच्या नदीक्रूझसाठी कोणता काळ निवडावा, आणि प्राणी खरोखर दिसतात का?

ब्राझीलमधील मनाउसहून निघणाऱ्या क्रूझसाठी कोणता महिना योग्य आणि एवढ्या दूर जाऊन प्राणी दिसतील का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की, महिना ठरवताना पावसापेक्षा नदीच्या पातळीचा विचार आधी करावा. मनाउस येथे रिओ नेग्रो या अ‍ॅमेझॉनच्या उपनदीचे पाणी वर्षभरात साधारण 10 मीटर चढते-उतरते. जूनच्या सुमारास ते सर्वांत वर असते, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सर्वांत खाली जाते.

पाणी चढले की नदी काठ ओलांडून जंगलात शिरते आणि लहान होडी थेट झाडांच्या फांद्यांमधून जाऊ लागते, त्यामुळे एरवी मान वर करूनही न दिसणारी माकडे आणि पक्षी बरेच जवळ येतात. तांबाकी मासे पाण्यात पडलेली फळे खातात आणि त्यांच्या बिया दूरवर नेऊन टाकतात. गुलाबी डॉल्फिनही बुडालेल्या झाडांमधून माशांचा माग काढतात, कारण त्यांच्या मानेचे मणके एकमेकांना जुळलेले नसल्याने त्यांना मान सहज वळवता येते. मी मेअखेरीस गेलो होतो आणि हे जलमय जंगल पाहण्यासाठी मे ते जुलै हाच काळ मी कोणालाही सुचवीन.

पाणी ओसरल्यावर वाळूचे किनारे उघडे पडतात, पायी फिरता येते आणि केमन मगरी अधिक सहज दिसतात. मात्र 2023 आणि 2024 च्या ऑक्टोबरमध्ये रिओ नेग्रोने मनाउस येथे नीचांकी पातळी गाठली होती, त्यामुळे या काळात जायचे असल्यास आयोजकांकडे पर्यायी मार्गाची चौकशी अवश्य करावी. जग्वार दिसेल, ही अपेक्षा मात्र कोणत्याच महिन्यात ठेवू नये.

बोट निवडताना खोल्यांच्या थाटापेक्षा एक गोष्ट नक्की विचारा: लहान होड्या दिवसातून किती वेळा जंगलात जातात? मोठे जहाज मुख्य पात्रातूनच जाते आणि तेथून जंगल म्हणजे दूरवरची एक हिरवी रेघ असते. रिओ नेग्रोचे काळसर पाणी आम्लधर्मी असल्याने त्या बाजूला डास बरेच कमी असतात. तरीही पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी.