यकृताच्या सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रणांनी कठीण होत जाण्याच्या आजारात, रुग्ण अचानक गोंधळल्यासारखा का वागू लागतो?

या अवस्थेला हेपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. आतड्यात तयार होणाऱ्या अमोनियाचे निरोगी यकृत युरियात रूपांतर करते. सिरोसिसमध्ये मात्र यकृताची ताकद कमी पडते, शिवाय आतड्याकडून येणारे बरेचसे रक्त यकृताला वळसा घालून पुढे जाते, आणि तो अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो. सुरुवात बहुधा नकळत होते: रुग्ण रात्री जागा राहतो आणि दिवसा पेंगतो, सही वेडीवाकडी येऊ लागते, हात पुढे धरून पंजे वर वळवायला सांगितले तर ते पंख फडफडावेत तसे झटक्याने खाली पडतात. घरच्यांनी ही चिन्हे वयाच्या किंवा स्वभावाच्या नावावर खपवू नयेत, असे मी कळकळीने सांगेन.

बद्धकोष्ठता, जंतुसंसर्ग, पोटातील रक्तस्राव किंवा झोपेच्या गोळ्या यांमुळे हा त्रास उफाळतो, म्हणून आधी कारण शोधावे लागते. लॅक्टुलोज या पोट साफ करणाऱ्या औषधाने दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौचाला होईल असे पाहिले जाते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, २९९ रुग्णांवरील चाचणीत सहा महिन्यांत रिफॅक्झिमिन (आतड्यातील जंतूंवर काम करणारे प्रतिजैविक) घेणाऱ्यांपैकी सुमारे २२ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के रुग्णांना हा त्रास पुन्हा झाला. दोन्ही गटांतील बहुतेक जण लॅक्टुलोजही घेत होते.

प्रथिने बंद करण्याचा जुना सल्ला मात्र आता मागे पडला आहे, कारण स्नायूही अमोनिया शोषून घेतात आणि ते झिजले तर त्रास वाढतो. रुग्ण हाकेला नीट प्रतिसाद देत नसेल, तर त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.