वाचकांचे प्रश्न : लक्सरची पहाट, बलूनमधून

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी ६८ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. जानेवारीत मुलगा आणि सून आम्हा दोघांना इजिप्तला नेणार आहेत. लक्सरला पहाटेच्या बलूनमध्ये बसायचं की नाही, यावरून घरात दोन तट पडलेत. मुलाला हौस आहे. आमचे हे म्हणतात, २०१३ मध्ये तिथेच बलून पेटून माणसं गेली, कशाला विषाची परीक्षा? मला गच्चीवरून खाली बघितलं तरी गरगरतं, गुडघेही कुरकुरतात. पण जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे मोह सुटत नाही. जमिनीवरून दिसत नाही असं वरून काय दिसतं? जावं का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : बाई, एक अट पाळून जा. ती अट, गुडघे आणि अपघात यांबद्दल पुढे लिहितेच. पण वरून काय दिसतं हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून आधी तो घेते.

मी पुरातत्त्व शिकले आणि पुष्कळ वर्षं आपल्या मंडळींना घेऊन लक्सरला जाते. नाईलच्या पश्चिम किनाऱ्यावरचे अवशेष गाडीने बघताना एक गोष्ट हमखास होते. सकाळी हत्शेप्सूत राणीचं मंदिर, मग राजांची दरी, परतताना मेम्नॉनच्या पुतळ्यांपाशी फोटोपुरता थांबा. प्रत्येक जागा सुटी बघितली जाते. संध्याकाळी कुणाला विचारावं की कुठलं मंदिर कुठल्या बाजूला होतं, तर सांगता येत नाही. बलूनमधून हा सगळा प्रदेश एकदम समोर येतो आणि या गोष्टी इथेच का बांधल्या ते कळतं.

वर गेल्यावर आधी हिरव्याची कड शोधा. नदीकाठची शेती जिथे संपते तिथेच वाळवंट सुरू होतं, मधे बांधाएवढंही अंतर नाही. एक पाय उसात आणि दुसरा वाळूत ठेवून उभं राहता येतं. आस्वानचं मोठं धरण १९७० साली पूर्ण झालं. त्याआधी दर वर्षी पुराचं पाणी या शेतांवर पसरायचं. आता त्या कडेकडेने नजर फिरवा. उत्तरेला सेती पहिला याचं मंदिर, मग रामेसियम म्हणजे रामसेस दुसरा याचं मंदिर, मग दक्षिणेला मेदिनेत हाबू, म्हणजे रामसेस तिसरा याचं, सगळी त्याच रेषेवर. पाणी पोचू नये, सुपीक जमीन अडू नये, आणि नदीतून कालव्याने होडी मात्र दाराशी यावी, अशी ती जागा आहे.

आमेनहोतेप तिसरा याने मात्र आपलं मंदिर थेट पुराच्या जमिनीत बांधलं, तेही या किनाऱ्यावरचं सगळ्यात मोठं. भूकंपाने ते कोसळलं, पुराने पाया खाल्ला, आणि पुढच्या राजांनी त्याचे दगड आपल्या बांधकामांना नेले. त्याच्या दाराशी बसवलेले दोन पुतळे तेवढे जागच्या जागी राहिले, तेच मेम्नॉनचे पुतळे. ते सुमारे १८ मीटर उंच आहेत आणि त्यांचा दगड कैरोजवळून आणलेला आहे. खाली उभं राहून ते नुसते दोन भव्य पुतळे वाटतात. वरून त्यांच्यामागचं रिकामं मैदान आणि तिथे चाललेलं उत्खनन दिसतं, आणि काय नाहीसं झालं त्याचा आकार कळतो. यातल्या एका पुतळ्याला इसवी सनपूर्व २७च्या भूकंपात तडा गेला. त्यानंतर तो सूर्योदयाला आवाज करायचा. तो ऐकायला लोक लांबून येत. रोमचा सम्राट हेड्रियन इसवी सन १३० मध्ये आला होता. पुढे कुणीतरी दुरुस्ती केली आणि पुतळा गप्प झाला.

रामेसियमपाशी बहुतेकांचं लक्ष रामसेस दुसरा याच्या कोसळलेल्या पुतळ्याकडे जातं. तुम्ही मंदिराच्या मागची कोठारं बघा. कच्च्या विटांच्या कमानींच्या लांबच लांब रांगा आहेत, ३२०० वर्षांपूर्वीच्या. तिथे धान्य साठायचं आणि मजुरी धान्यातच दिली जायची. हे डोक्यात ठेवून नजर डोंगराच्या बाजूला न्या. दोन टेकाडांच्या मधे देर अल-मदीना नावाचं छोटं गाव आहे, राजांची थडगी कोरणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कारागिरांचं. छपरं गेली आहेत, भिंतींचे तळ राहिले आहेत, त्यामुळे वरून घराघराचा नकाशा दिसतो : मधे अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना खेटून घरं. रामसेस तिसरा याच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी या कारागिरांचं धान्य थकलं. ते काम टाकून निघाले, राजांच्या मंदिरांपाशी जाऊन बसले आणि म्हणाले, आम्ही भुकेपोटी आलो आहोत. लेखी नोंद असलेला हा जगातला पहिला संप मानतात. त्याची पपायरसवरची, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरची, नोंद आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. कारागिरांचं गाव आणि ही कोठारं यांच्यात केवढंसं अंतर आहे, ते वरून एका नजरेत बघितलं की माझ्या घशात अजून आवंढा येतो. तुम्ही शिकवलेल्या कुठल्याही राजापेक्षा हा प्रसंग मला मोठा वाटतो.

हत्शेप्सूतचं मंदिर कड्याच्या पायथ्याशी आहे. त्याच्या डाव्या अंगाला मेंतुहोतेप दुसरा याच्या मंदिराचा मोडका चौथरा दिसेल. तो तिच्या काळातही सुमारे ५०० वर्षं जुना होता. उताराचा रस्ता, सज्जे, खांबांच्या रांगा ही कल्पना तिने तिथून उचलली आणि वाढवली, ते दोन्ही शेजारी शेजारी बघताना पटतं. तिच्या मंदिराचं तोंड नदीपलीकडच्या कर्नाकच्या मंदिराकडे आहे. सणाला अमुन देवाची मूर्ती होडीतून नदी ओलांडून इकडे यायची.

दक्षिणेला मेदिनेत हाबूच्या पुढे गेलात तर मातीच्या उंचवट्यांची रांग दिसेल, मुद्दाम ओळीने रचल्यासारखी. आमेनहोतेप तिसरा याने खणवलेल्या प्रचंड जलाशयातून काढलेली ती माती आहे. तळ्याच्या जागी आता शेतं आहेत, पण काठ टिकून आहेत. जमिनीवरून हे उंचवटे म्हणजे नुसती टेकाडं वाटतात.

राजांची दरी मात्र वरून फारशी हाती लागत नाही. थडगी जमिनीच्या पोटात आहेत आणि दरी कड्यामागे दडलेली. दिसतो तो तिच्यावरचा अल-कुर्न हा डोंगर, पिरॅमिडसारखा निमुळता. राजांनी ही दरी निवडली त्याचं एक कारण हा आकार असावा, असं अनेक अभ्यासक मानतात.

आणि एक सांगते. सूर्य उगवला की सगळे मोबाइल घेऊन पूर्वेच्या बाजूला दाटी करतात. तुम्ही सूर्याकडे पाठ करा. पहिलं ऊन पश्चिमेच्या कड्यावर पडतं, करड्याचा गुलाबी होतो, गुलाबीचा मधासारखा, आणि तिरप्या उन्हात जमिनीवरची प्रत्येक पडकी भिंत स्वतःची सावली टाकते. अवशेषांचे आराखडे याच वेळी उठून दिसतात. हवेतून पुरातत्त्वीय छायाचित्रं घेणारेसुद्धा तिरप्या उन्हाची वेळ साधतात.

आता अपघात. तुमच्या यजमानांची भीती खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नका. २६ फेब्रुवारी २०१३ रोजी उतरताना गॅसच्या नळीतल्या गळतीमुळे आग लागली. बलूनमधल्या २१ जणांपैकी १९ जण गेले. उड्डाणं काही काळ बंद ठेवून नियम कडक केले गेले. तरी जानेवारी २०१८ मध्ये जोरदार वाऱ्यात एक बलून कोसळलं आणि एक पर्यटक दगावला. म्हणून सर्वांत स्वस्त तिकीट घेऊ नका. टोपलीत किती माणसं घेणार आणि विमा कुणाचा, कितीचा, हे आधी विचारा. तुमच्या प्रवासविम्यात बलून बसतं का तेही बघा, कित्येक पॉलिसींमध्ये ते वगळलेलं असतं. आणि वाऱ्यामुळे उड्डाण रद्द झालं तर वाद घालू नका. पैसे परत मिळतील किंवा दुसऱ्या दिवशी नेतील. त्यासाठी बलून लक्सरच्या पहिल्याच सकाळी ठेवा. रद्द झालं तर दुसरी सकाळ हाताशी राहते, आणि उड्डाण झालं तर पुढचे दोन दिवस मंदिरं बघताना आपण कुठे उभ्या आहोत हे तुम्हाला कळत राहील.

गरगरण्याचं म्हणाल, तर उंचीला घाबरणाऱ्या माझ्या बऱ्याच प्रवाशांना वर काही झालं नाही. गच्चीवर कठड्यापासून जमिनीपर्यंत जाणारी भिंत नजरेला दिसते, बलूनमध्ये तसं काही नसतं. वाऱ्याबरोबरच जात असल्यामुळे वारा लागत नाही, हेलकावेही जवळजवळ नसतात. टोपलीची कड छातीपर्यंत येते. तरी अस्वस्थ वाटलं तर खाली न बघता लांब डोंगराकडे बघा.

गुडघ्यांना तीन ठिकाणी त्रास होईल. टोपलीला दार नसतं, बाहेरच्या खाचांत पाय देऊन वर चढून आत उतरावं लागतं. तिथली माणसं हात देतात. मग पाऊणएक तास उभं राहायचं. आणि उतरताना पायलट सांगेल तसं, जाण्याच्या दिशेला पाठ करून, गुडघे वाकवून, आतल्या दोऱ्या घट्ट धरून बसायचं. कधी टोपली अलगद टेकते, कधी दोन-तीन उड्या मारते, क्वचित आडवीही होते. म्हणून माझी अट : निघण्याआधी डॉक्टरांना हे सगळं सांगून विचारा. हाडं ठिसूळ झाली असतील किंवा नुकती शस्त्रक्रिया झाली असेल तर जाऊ नका; मुलगा-सून जातील, तुम्ही दोघं मेदिनेत हाबूच्या अंगणात निवांत बसा. जानेवारीत पहाटे तिथे चांगलीच थंडी असते. स्वेटर, कानटोपी, पायात बंद बूट. साडी नको, पंजाबी ड्रेस किंवा पँट.

प्रश्न : मी अकरावीत आहे. बलूनला सुकाणू नसतं, मग पायलट ते हव्या त्या ठिकाणी कसं नेतो? आणि उड्डाण पहाटेच का करतात?
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नेमकं हवं तिथे नेता येत नाही. पायलटच्या हातात फक्त वर आणि खाली जाणं असतं. पण वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशांनी आणि वेगांनी वाहतो. हवी ती दिशा ज्या थरात असेल तिथे बलून न्यायचं, हे त्याचं कसब. वर जायला बर्नर पेटवायचा, खाली यायला हवा थंड होऊ द्यायची किंवा फुग्याच्या माथ्यावरची झडप दोरीने उघडायची. लक्सरला वारा बहुतेक उत्तरेकडून असतो, म्हणून बलून बहुधा दक्षिणेकडे सरकतं. उतरण्याची जागा आधी ठरलेली नसते. खालून गाडी आणि माणसं पाठलाग करत येतात.

हिशेब करून बघ. एक घनमीटर थंड हवेचं वजन सुमारे १.२ किलो, तीच १०० अंश सेल्सिअसला तापवली की सुमारे ९५० ग्रॅम. म्हणजे घनमीटरमागे पाव किलोची उचल, आणि हजार घनमीटरमागे अडीचशे किलोंची. बाहेरची हवा जितकी थंड तितका हा फरक वाढतो. पहाटेचं पहिलं कारण ते. दुसरं आणि मोठं कारण म्हणजे ऊन चढलं की वाळवंट तापतं, गरम हवेचे झोत वर उठतात आणि वारा बेभरवशाचा होतो. २१ नोव्हेंबर १७८३ रोजी पॅरिसमध्ये माणसं पहिल्यांदा मोकळ्या, म्हणजे दोराने न बांधलेल्या, बलूनमधून उडाली. तेव्हापासून तत्त्व तेच आहे. तेव्हा पेंढा जाळून हवा तापवायचे, त्याच्या जागी प्रोपेन गॅस आला.

प्रश्न : मी ड्रोनने चित्रीकरण करतो. लक्सरला ड्रोन नेऊ का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नेऊ नका. इजिप्तमध्ये परवान्याशिवाय ड्रोन बाळगणंही बेकायदा आहे, विमानतळावरच काढून घेतात.

प्रश्न : आमच्या गावाचं नाव जुन्या ग्रीक पुस्तकात आहे असं ऐकत आलो. इजिप्तमध्ये आपल्याकडच्या मालाचा काही माग लागतो का?
— एक वाचक, तेर, जि. धाराशिव

उत्तर : लागतो, आणि लक्सरपासून फार लांबही नाही. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक मार्गदर्शिकेत तुमचं तेर 'तगर' या नावाने आहे. पैठणहून आणि तेरहून माल गाड्यांतून भडोचच्या बंदरात जायचा. तेरचं नाव त्यात कापडासाठी येतं, पैठणचं अकीकासारख्या खड्यांसाठी. सोपारा आणि कल्याणचाही उल्लेख आहे. जहाजं मोसमी वाऱ्यांवर अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके किंवा म्योस होर्मोस या बंदरांना लागत. तिथून उंटांवरून वाळवंट तुडवत माल नाईलकाठच्या कोप्टोसला यायचा. बेरेनिकेहून ही वाट बारा दिवसांची होती आणि उन्हामुळे बराचसा प्रवास रात्री व्हायचा, असं रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलं आहे. कोप्टोस म्हणजे आजचं किफ्त, लक्सरच्या उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवर. पुढे होडीने अलेक्झांड्रिया आणि तिथून रोम.

बेरेनिकेच्या उत्खननात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळाली. घरांच्या बांधकामात वापरलेलं सागवानही मिळालं, ते मोडीत काढलेल्या जहाजांचं असावं. बलूनमधून पूर्वेला, नदीच्या पलीकडे जे उजाड डोंगर दिसतात, त्याच वाळवंटातून उत्तरेला ही वाट यायची. मिरजेच्या बाईंना मी सूर्याकडे पाठ करा म्हटलं, पण तुम्ही गेलात तर एकदा जरूर तिकडेही बघा.

इजिप्तला जाणं जमेल तेव्हा जमेल. तुमच्याच गावातलं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय अजून नीट बघितलं नसेल तर या रविवारी मुलांना घेऊन जा. तेरला सापडलेली हस्तिदंती बाहुली इटलीतल्या पाँपेईत मिळालेल्या बाहुलीशी मिळतीजुळती आहे, आणि पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. संग्रहालयात मातीच्या वस्तूंच्या कपाटांपाशी घाई करू नका, त्या काळचं रोजचं तेर तिथेच आहे.