मेक्सिको सिटीत एकच दिवस मोकळा आहे. सोचिमिल्को भागातल्या कालव्यांतून नावेची सफर करावी का? सोबत साठी ओलांडलेले आईवडील आहेत आणि आम्ही सगळे शाकाहारी.

करा. पण रविवारी दुपारी नको, आणि तासाभरात उरकूनही नको.

कामानिमित्त मी त्या शहरात काही काळ राहिलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा नेमकी हीच चूक केली. रविवारी बाराच्या सुमाराला स्टेशनबाहेर पडलो, तर एक सायकलवाला 'चला, सरकारी घाट दाखवतो' म्हणत एका घाटावर घेऊन गेला. तिथे माणशी भाडं सांगितलं आणि आम्ही मुकाट्याने दिलं. खरं तर भाडं माणशी नसतं, पूर्ण नावेचं असतं, तेही तासावर, आणि दरफलक घाटावर लावलेला असतो. तो वाचल्याशिवाय पाकीट काढू नका. पुढचा तासभर नावेला नाव खेटून गेला. नावाडी शेजारच्या नावेला पायाने ढकलून वाट काढत होते. एकीकडे मारियाची गायक-वादक, दुसरीकडे मारिंबा हे लाकडी पट्ट्यांचं वाद्य, आणि मध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाची बिअर. मजा आली, नाही असं नाही. पण सोचिमिल्को दिसलं नाही.

दिसलं ते दुसऱ्या खेपेला, आठवड्यातल्या एका सकाळी, क्वेमांकोच्या घाटावरून. 1968च्या ऑलिंपिकमधल्या नौकास्पर्धा ज्या कालव्यात झाल्या, तो याच्या शेजारीच आहे. चार तासांची फेरी ठरवली. पाऊण तासात गाणी मागे पडली आणि दोन्ही बाजूंना शेतं सुरू झाली.

प्रवासवाले यांना 'तरंगत्या बागा' म्हणतात. त्या तरंगत वगैरे नाहीत. उथळ तळ्यात खुंटांचं कुंपण घालून, गवत-लव्हाळे आणि तळाचा गाळ यांचे थर देत माणसांनी रचलेली ही लांबट शेतं म्हणजे चिनाम्पा. कडेला आवेहोते जातीच्या विलोची झाडं लावतात. मुळं बांध धरून ठेवतात, आणि झाड सरळसोट वाढत असल्याने पिकावर सावली पडत नाही. स्पॅनिश लोक येण्याच्या आधीपासून या खोऱ्यातल्या शहरांना भाजी-मका पुरवणारी ही पद्धत. उरलेल्या भागाला 1987 साली मेक्सिको सिटीच्या जुन्या भागासोबतच जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

आमच्या नावाड्याने एका शेतावर थांबवलं. शेतकऱ्याने कालव्याचा गाळ वाफ्यात पसरलेला होता. तो थोडा आळला की सुरीने बर्फीसारखे चौकोन पाडायचे, प्रत्येकात बोटाने खळगा करून बी घालायचं, रोप झालं की चौकोनासकट उचलून लावायचं. या चौकोनाला तिथे चापिन म्हणतात. आपल्या रोपवाटिकेतल्या ट्रेचंच काम, फक्त प्लॅस्टिक नाही. त्याच्या वाफ्यात आपली घोळाची भाजी होती! आणि ऑक्टोबरात गेलात तर सेम्पासुचिल फुललेला दिसेल, म्हणजे आपला झेंडू. तो मूळचा तिथलाच. आपण दसऱ्याला लावतो, ते मृतांच्या सणाला.

सगळं गोजिरवाणं नाही. इथले झरे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहराच्या नळांकडे वळवले गेले. आज कालव्यात बरंचसं प्रक्रिया केलेलं सांडपाणी असतं, त्यामुळे पाण्यात हात घालू नका. जलपर्णीही भरपूर, पुणेकरांना घरी आल्यासारखं वाटेल. आहोलोते हा इथला प्रसिद्ध जलचर, तुटलेला पाय पुन्हा उगवणारा. 1998 साली चौरस किलोमीटरला सुमारे 6000 मोजले होते, 2014 साली 36. पाणी बिघडलं, आणि बाहेरून आणून सोडलेले कार्प-तिलापिया मासे त्याची अंडी-पिल्लं खातात. काही शेतकरी कालव्याच्या फाट्यांना गाळण्या लावून त्याला आसरा देतात.

झाडांना जुन्या बाहुल्या टांगलेल्या 'बाहुल्यांच्या बेटा'चा आग्रह कुणी धरला तर तुमची मर्जी, मी सांगणार नाही. खरं बेट लांब आहे, आणि वाटेत नकली बेटं दाखवून 'हेच ते' म्हणणारे भेटतात.

आईवडिलांसाठी: नावेला, म्हणजे त्राहिनेराला, इंजिन नसतं. नावाडी लांब काठीने रेटतो, तळ सपाट, त्यामुळे फार डुलत नाही. बसायला खुर्च्या, मध्ये टेबल, वर छप्पर. अडचण फक्त चढता-उतरताना, कारण कधी दुसऱ्या नावेवरून ओलांडून जावं लागतं. हात द्या. शहर 2240 मीटरवर आहे, आल्या-आल्या दुसऱ्याच दिवशी दमवू नका. जून ते सप्टेंबर दुपारी पाऊस ठरलेला.

जायला मेट्रोने तास्केन्या, तिथून हलकी रेल्वे थेट सोचिमिल्कोपर्यंत. क्वेमांकोला मात्र टॅक्सीच बरी.

जेवणाचं: छोट्या नावांवर चूल मांडून बायका केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेल्या पोळ्या, भाजतात. मेक्सिको सिटीत केसादियात चीज असेलच असं नाही, आणि मांस असू शकतं. 'कोन केसो, सिन कार्ने, सिन मान्तेका' एवढं पाठ करा, म्हणजे चीज घालून, मांस नको, मान्तेका नको. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. भोपळ्याच्या फुलांची मागा. दुसरं सारण वित्लाकोचे, ही मक्याच्या कणसावरची काणी, म्हणजे बुरशी, आपला शेतकरी जी उपटून फेकतो ती. मला आवडली, बायकोने तोंड फिरवलं. काहीच जमलं नाही तर आलेग्रिया विचारा. याच भागातलं तुल्येवाल्को गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. चव घेतली की आई म्हणेल, ही तर राजगिऱ्याची चिक्की. तीच आहे.