वाचकांचे प्रश्न : धमनीतील थर आणि आपली प्रतिकारशक्ती

प्रश्न : माझे वय ६१ वर्षे असून यंदा माझी अँजिओप्लास्टी झाली. धमनीतील थर नुसत्या चरबीचा नसतो, त्यात शरीराच्या प्रतिकारपेशीही असतात, असे डॉक्टरांनी सांगितले. घरचे मात्र प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे घेण्याचा आग्रह धरत आहेत. या पेशीच धमनी बिघडवत असतील, तर प्रतिकारशक्ती वाढवावी की कमी करावी?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आपल्या डॉक्टरांचे म्हणणे खरे आहे. मात्र प्रतिकारशक्ती ही नळाच्या पाण्यासारखी सरसकट कमी-जास्त करण्याची वस्तू नाही. अनेक प्रकारच्या पेशी आणि प्रतिपिंडे (परक्या घटकांना चिकटणारी प्रथिने, अँटिबॉडी) मिळून ती बनते, आणि धमनीच्या भिंतीत त्यांपैकी काही नुकसान करतात, तर काही तेच नुकसान थोपवून धरतात.

आजाराची सुरुवात कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या एलडीएल कणांपासून होते. हे कण धमनीच्या आतल्या अस्तराखाली अडकतात व तिथे त्यांचे ऑक्सिडीकरण होते, म्हणजे ऑक्सिजनच्या क्रियेने ते बिघडतात. त्यामुळे चेतलेल्या अस्तराला रक्तातील मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी चिकटतात, आत शिरतात आणि मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, बनून ते कण गिळू लागतात. निरोगी पेशीला पुरेसे कोलेस्टेरॉल मिळाले की ती एलडीएल आत घेणे आवरते, पण बिघडलेले कण गिळण्याचा मॅक्रोफेजचा मार्ग असा बंद होत नाही. चरबीने फुगलेल्या या पेशी अखेर मरतात, आणि त्यांचे अवशेष वेळीच उचलले गेले नाहीत तर थराच्या पोटात मृत गाभा साचतो.

या गाभ्यावर कोलॅजेन या चिवट तंतुमय प्रथिनाचे आवरण असते व रुग्णाचे भवितव्य बरेचसे त्याच्या मजबुतीवर ठरते. टी पेशी या पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. त्यांपैकी काहींमधून स्रवणारे इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशवाहक द्रव्य नवे कोलॅजेन तयार होऊ देत नाही, आणि मॅक्रोफेजची विकरे (एन्झाइम) आधीपासून असलेले कोलॅजेनही विरघळवतात. पातळ झालेले आवरण फाटले की तिथे रक्ताची गुठळी धरते. म्हणूनच ज्या थराने धमनी फारशी अरुंद केलेली नव्हती, त्यामुळेही अचानक हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. याउलट नियामक टी पेशी, म्हणजे इतर प्रतिकारपेशींना आवर घालणाऱ्या टी पेशी, इंटरल्यूकिन-१० सारखी द्रव्ये सोडून दाह शमवतात.

प्रतिपिंडांचेही असेच आहे. बी-१ या प्रतिकारपेशींनी तयार केलेली आयजीएम प्रकारची काही प्रतिपिंडे ऑक्सिडीकरण झालेल्या कणांना चिकटून मॅक्रोफेजना ते गिळू देत नाहीत. हीच प्रतिपिंडे न्यूमोनिया घडवणाऱ्या न्यूमोकोकस जंतूच्या आवरणातील एका घटकालाही ओळखतात, आणि २००३ मध्ये त्या जंतूची लस दिलेल्या उंदरांच्या धमन्यांत थर कमी वाढल्याचे दिसले. हा निष्कर्ष उंदरांचा आहे, त्यावरून स्वतःच्या धमन्यांसाठी लस घेण्याचा निर्णय करू नये. आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांची भूमिका मात्र संमिश्र आहे.

माणसांतील सर्वांत महत्त्वाचा पुरावा २०१७ चा आहे. पूर्वी झटका येऊन गेलेल्या १० हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणीत कॅनाकिनुमॅब या औषध म्हणून दिलेल्या प्रतिपिंडाने इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाह वाढवणारे द्रव्य रोखले. एलडीएल न घटताही १५० मिलिग्रॅमच्या मात्रेवर झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. परंतु जीवघेणे संसर्ग किंचित वाढले, आणि मला हाच भाग आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर वाटतो : प्रतिकारशक्तीचा एक भाग दाबला की त्याची किंमतही मोजावी लागते. पुढल्याच वर्षी मेथोट्रेक्सेट या दाह कमी करणाऱ्या औषधाच्या अल्प मात्रेचा हृदयाला काहीच लाभ दिसला नाही. कोल्चिसिन या दाहशामक औषधाने २०१९ व २०२० च्या चाचण्यांत फायदा दाखवला, तर २०२४ च्या मोठ्या चाचणीत दाखवला नाही. शिवाय मूत्रपिंडाच्या रुग्णांत ते जपून द्यावे लागते, त्यामुळे हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांवरच सोपवावा.

दाहाची ही चर्चा ऐकून कोलेस्टेरॉल निर्दोष आहे असे समजणे ही घातक चूक ठरेल. अडकलेले कणच नसतील, तर या पेशींना तिथे जमण्याचे मूळ कारण उरत नाही. म्हणून स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) व रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. काढ्यांनी धमनीतील थर कमी होतो असा भरवशाचा पुरावा नाही, आणि काही वनस्पती या गोळ्यांच्या परिणामात ढवळाढवळ करतात. जो काढा घरात होत असेल त्यातील घटक डॉक्टरांना अवश्य सांगावेत. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी, कारण संसर्गाच्या काळात झटक्याचा धोका वाढतो. आपल्या विदर्भात सिगारेट सोडलेले अनेकजण तंबाखू-सुपारीचा खर्रा निरुपद्रवी मानून चालू ठेवतात, हे पाहून मन विषण्ण होते. तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याचे प्रमाण स्पष्टपणे जास्त आढळते. आपण खर्रा घेत असाल, तर तो आजच सोडावा.

प्रश्न : रक्तातील दाह दाखवणाऱ्या एचएस-सीआरपी चाचणीत माझा आकडा १४ आला आहे. धमनीत दाह आहे असे समजायचे का?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : नाही. सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होते आणि शरीरात कुठेही दाह असला तरी वाढते. दाह कुठे आहे हे त्यावरून कळत नाही. हृदयाच्या जोखमीसाठी दर लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा कमी पातळी चांगली, तर ३ च्या वरची अधिक जोखमीची मानतात. १० च्या वर गेल्यास आधी ताप, दाढेतील पू, सांधेदुखी अशी कारणे शोधावीत आणि ती बरी झाल्यावर काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी.