एकाच संस्थेची कोल्हापुरातली दोन हायस्कूलं एक करायची आहेत, सुरुवात कशापासून करावी?

शिक्षकांच्या सेवाज्येष्ठता यादीपासून. नाव, गणवेश, इमारत यांवर मीटिंगा रंगतात, पण गाडी अडते ती इथे. मी शाळेच्या ऑफिसात एकत्रीकरणाचे कागद हाताळलेत. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठीच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीतल्या अनुसूची 'फ'प्रमाणे दोन्हींकडची एकच यादी लावा, सगळ्यांच्या सह्या घ्या, मगच जिल्हा परिषदेत माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव न्या. मुख्याध्यापक शेवटी एकच उरणार, हेही आधीच बोलून घ्या.

जुनी जनरल रजिस्टरं, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या नोंदवह्या, मात्र एकात मिसळू नका. पानं पिवळी पडली तरी जपा. वीस वर्षांनी दाखल्याची दुसरी प्रत मागायला माणूस येतोच. आणि दहावीचे फॉर्म शाळेच्या सांकेतांकावर बोर्डात जातात, त्यामुळे वर्षाच्या मध्यात हात घालू नका, जूनच धरा.

संस्था वेगवेगळ्या असतील तर आधी व्यवस्थापन हस्तांतर, मग हे सगळं.